सव्वा महिन्यानंतर कोण?

महाराष्ट्रात बाळंतपण आता घरात उरलेले नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार राज्यातली सुमारे ९५ टक्के बाळंतपणे दवाखान्यात झाली. २०१८-२० या काळात एक लाख जिवंत जन्मांमागे महाराष्ट्रात ३३ मातामृत्यू झाले, देशात ९७. यामागे १०२ ची गाडी आहे, दर महिन्याच्या ९ तारखेची गर्भवतींची तपासणी आहे, लोहाच्या गोळ्या आहेत आणि आशाताईंची पायपीट आहे. ही कमाई खरी आहे. पण घरी आलेल्या बाळंतिणीला झोप लागेनाशी झाली, बाळाकडे पाहवेनासे झाले, मनात विहिरीचे विचार येऊ लागले, तर जायचे कुठे? बहुतेक घरांत या प्रश्नाला उत्तर नसते. ‘आईचे मानसिक आरोग्य’ असा फलक तालुक्याच्या गावी सोडाच, जिल्ह्याच्या रुग्णालयातही सापडणे कठीण.

मदत अजिबात नाही, असेही नाही. ती विखुरलेली आहे आणि भलत्याच नावांनी वावरते. कुठे बाळाच्या लसीच्या नावाने, कुठे दारूमुक्तीच्या, कुठे कौटुंबिक हिंसाचाराच्या. आईच्या मनाची दारे बहुधा दुसऱ्याच कुणाच्या पाटीखाली उघडतात, आणि ही दारे कुठली हे माहीत असणे हीच अर्धी मदत आहे. या लेखात ती एकेक करून पाहायची आहेत. कुठले दार खरेच उघडते आणि कुठले नुसते रंगवलेले आहे, हेही.

त्याआधी एका आकड्याकडे पाहू. बाळंतपणानंतर ४२ दिवसांच्या आत आई दगावली तरच ती मातामृत्यूच्या दरात मोजली जाते. नवजात बाळासाठी आशाताईच्या ज्या घरभेटी ठरल्या आहेत, त्यातली शेवटची ४२ व्या दिवशी. आणि आपल्या घरातले बाळंतपण सव्वा महिन्याचे. सरकार आणि आजी एकमेकांना न विचारता जवळपास एकाच तारखेवर येऊन थांबले आहेत. शेक बंद होतो, मालिशवाल्या बाई येईनाशा होतात, डिंकाचे लाडू संपतात, ‘आता सुटली’ असे म्हणून सगळे आपापल्या कामाला लागतात. मनाचे दुखणे मात्र हा हिशेब पाळत नाही. ब्रिटनमध्ये प्रत्येक मातामृत्यूची बारकाईने चौकशी होते. बाळंतपणानंतर सहा आठवडे ते एक वर्ष या काळातल्या थेट मातामृत्यूंमध्ये आत्महत्या हे तिथे सर्वांत मोठे कारण ठरले आहे. आपल्याकडे बाळ चार महिन्यांचे असताना आईने जीव दिला, तर ती मातामृत्यूच्या दरात येतच नाही. पोलिसांच्या वहीत अकस्मात मृत्यू म्हणून तिची नोंद होते आणि प्रकरण तिथेच मिटते.

दुखण्याबद्दल थोडक्यात. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगाच रडू येणे, चिडचिड होणे हे निम्म्याहून अधिक बायकांना होते आणि दोनेक आठवड्यांत आपोआप ओसरते. त्याला औषध लागत नाही. झोप आणि हातभार लागतो. दुसरा प्रकार नैराश्याचा. दोन आठवडे उलटले तरी मन उठत नाही, कशात रस वाटत नाही, आपण आई म्हणून नालायक आहोत असे वाटत राहते, बाळाला काही होईल या धास्तीने बाळ झोपलेले असतानाही डोळा लागत नाही. याची सुरुवात पुष्कळदा गरोदरपणातच झालेली असते. तिसरा प्रकार दुर्मीळ. हजार बाळंतपणांत एक-दोन बायकांना पहिल्या काही दिवसांतच भ्रम होतात. अशी बाई रात्र-रात्र जागी राहते, असंबद्ध बोलते, बाळ बदलले आहे म्हणते, कानात आवाज येतात असे सांगते. ही आणीबाणी आहे. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, तोवर बाळ आणि आई दोघांना एकटे ठेवायचे नाही. आपल्याकडे नेमका इथेच घोळ होतो. बाहेरचे झाले, नजर लागली म्हणून गाडी आधी देवऋषीकडे वळते. भूत उतरवायचे म्हणून बाईला बांधणे, मारणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे; पण कायद्यापेक्षा मोठा मुद्दा हातून गेलेल्या दिवसांचा आहे. हा आजार वेळेत औषध मिळाले तर चांगला बरा होतो.

किती जणींना होते हे? भारतातल्या ३८ अभ्यासांतल्या वीस हजारांवर मातांची माहिती एकत्र करून २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात आढावा छापून आला. त्यात बाळंतपणानंतरच्या नैराश्याचे प्रमाण २२ टक्के निघाले. म्हणजे पाचांत एक. आपल्या जवळचा अभ्यास गोव्यातला, २००२ साली प्रसिद्ध झालेला. विक्रम पटेल, मर्लिन रॉड्रिग्ज आणि नंदिता डिसोझा यांनी २७० गर्भवतींना गाठले आणि बाळंतपणानंतरही त्यांचा माग ठेवला. सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के जणी नैराश्यात होत्या. त्यांतल्या तीन चतुर्थांशांहून अधिक गरोदरपणातच मनाने खचलेल्या होत्या, आणि निम्म्याहून अधिक जणी सहा महिन्यांनीही बऱ्या झालेल्या नव्हत्या. कारणांत गरिबी आणि नवऱ्याशी न पटणे ही मुख्य. मुलगी झाली असेल तर मारहाण, उपासमार अशा इतर धोक्यांचा परिणाम बदलतो, हेही दिसले. मला या अभ्यासातला सर्वांत कामाचा निष्कर्ष वेगळाच वाटतो. नैराश्यात असलेल्या बायका इतरांपेक्षा जास्त वेळा आरोग्य सेवेकडे गेल्या होत्या. म्हणजे ती घरात दडून बसलेली नाही. ती डॉक्टरसमोर येते आहे. पाठ दुखते म्हणते, अंगावरून जाते म्हणते, दूध पुरत नाही म्हणते. तिला पुढचा प्रश्न विचारला जात नाही, एवढेच.

मग पहिले दार आशाताईचे. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच बाईला शिकवून घरोघर नवजात बाळांची काळजी घेण्याचा जो प्रयोग केला, त्यातून देशभराचा कार्यक्रम उभा राहिला. दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर आशा सहा वेळा घरी येते: तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. या फेरीचे तिला २५० रुपये मिळतात. ती बाळाला झोळीच्या काट्यावर तोलते, काखेत थर्मामीटर लावते, बेंबी पाहते, श्वास मोजते आणि फॉर्म भरते. त्या फॉर्मात आईसाठीही रकाने आहेत. ताप आणि घाण वासाचा स्राव आहे का, दूध येत नाही किंवा कमी वाटते का, स्तनाग्रांना चिरा पडल्यात का. आणि एक प्रश्न असा: आई काही वेडेवाकडे बोलते का, किंवा तिला झटके येतात का. मनाबद्दल एवढेच, आणि तेही झटक्यांच्या जोडीला. हा प्रश्न भ्रम झालेल्या आईला पकडतो. मुकाट्याने बाळाला पाजणारी, विचारले तर ‘बरंय’ म्हणणारी आई त्याच्या जाळीतून सहज निसटते.

तरीही या दारावर माझा भरवसा सर्वांत जास्त आहे. उंबरा ओलांडून आत येणारी, बाळंतिणीच्या खोलीपर्यंत पोहोचणारी सरकारी यंत्रणा दुसरी नाही. विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत २०१५ मध्ये शेतकरी आत्महत्या रोखण्यासाठी ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू झाला, तेव्हा घरोघर जाऊन नैराश्याचे प्रश्न विचारण्याचे काम आशांनीच केले. म्हणजे त्यांना ते जमत नाही, हे म्हणणे टिकत नाही. एडिंबरो येथे १९८७ मध्ये तयार झालेली दहा प्रश्नांची प्रश्नावली जगभर बाळंतिणींसाठी वापरली जाते. गेल्या सात दिवसांत कसे वाटले एवढेच ती विचारते, आणि शेवटचा प्रश्न जिवाचे बरेवाईट करण्याच्या विचाराचा असतो. तीही नको असेल तर दोन प्रश्न पुरतात: गेल्या महिन्याभरात मन सारखे उदास, हताश वाटले का? आधी आवडायच्या त्या गोष्टींत रस वाटेनासा झाला का? दोहोंतल्या एकाला जरी ‘हो’ आले, तरी पुढे विचारपूस करायची. हे प्रश्न सासूसमोर विचारायचे नाहीत, ही अट मात्र पाळली पाहिजे. एका खोलीच्या, बारा जणांच्या घरात ती पाळायची कशी, याचे उत्तर कुठल्याही पुस्तिकेत नाही. बाळाचे वजन करायला ओसरीवर चला म्हणणारी हुशार आशा ते शोधून काढते.

दुसरे दार लसीकरणाचे. दीड, अडीच आणि साडेतीन महिने, मग नऊ महिने. ऊन असो, पाऊस असो, बाळाला डोस द्यायला आई येतेच. ज्या सत्राला मी काही वेळ बसून होतो, तिथे अंगणवाडीच्या भिंतीला टेकून बायका रांगेत बसल्या होत्या. नर्सताई माता-बाल संरक्षण कार्ड मागायच्या, तारीख लिहायच्या, मांडीत सुई टोचायच्या, ताप आला तर कुठली गोळी किती द्यायची ते सांगायच्या. मग अर्धा तास थांबायला लावायच्या, रिअॅक्शन येते का ते पाहायला. तो अर्धा तास आई तिथे रिकामी बसून होती. घरचे कुणी जवळ नव्हते, बाळ रडून दमले होते, शेजारी तिच्यासारखीच दुसरी आई होती. आईशी बोलायला यापेक्षा सोयीची वेळ सरकारने ठरवून काढली असती तरी सापडली नसती. आणि ४२ दिवसांची सीमा ओलांडून पुढे जाणारी नियमित भेट ही. बाळ तीन महिन्यांचे झाले की आशाच्या फेऱ्या ‘लहान बालकांची गृहभेट’ या नावाने पुन्हा सुरू होतात, दर तीन महिन्यांनी, सव्वा वर्षापर्यंत. त्याही बाळाच्याच. चालेल, पाटी कुणाचीही असो.

विचारून पुढे काय, हा प्रश्न रास्त आहे. नैराश्य सापडले तर पाठवायचे कुठे? इथे गोव्याने आणि त्याआधी पाकिस्तानने एक वाट दाखवली आहे. रावळपिंडीजवळच्या खेड्यांत अतीफ रहमान यांनी तिथल्या आरोग्य सेविकांना बोलण्यातून उपचार करण्याची साधी पद्धत शिकवली. २००८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्याचे निष्कर्ष आले. सहा महिन्यांनी नैराश्य उरलेल्या माता तुलनेच्या गटात ५३ टक्के होत्या, तर या शिकवलेल्या सेविका ज्यांच्याकडे जात होत्या त्या गटात २३ टक्के. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये या पद्धतीची पुस्तिका काढली. गोव्यात ‘संगाथ’ या १९९६ पासून काम करणाऱ्या संस्थेने एक पाऊल पुढे जाऊन सेविकांऐवजी आसपासच्याच, स्वतः आई असलेल्या बायकांना तयार केले. त्यांना नाव दिले ‘सखी’. नैराश्याची लक्षणे असलेल्या २८० गर्भवतींच्या चाचणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. फरक रावळपिंडीइतका मोठा नव्हता, पण सहा महिन्यांनी बऱ्या झालेल्या बायका सखींच्या गटात अधिक होत्या. सखी काय करते? घरी जाते, ऐकून घेते, ‘मी वाईट आई आहे’ या वाक्याच्या जागी दुसरे खरे वाक्य कुठले बसेल ते तिच्याकडूनच काढून घेते, येत्या आठवड्यात करता येईल असे एखादे छोटे काम ठरवते, नवऱ्याला किंवा सासूला त्यात ओढते. बाळंतविडा घेऊन येणारी मावशी निम्मे हेच करायची. उरलेले निम्मे शिकवावे लागते, आणि तेच महत्त्वाचे.

महाराष्ट्रात असे काम आईपुरते नसले तरी मनासाठी उभे आहे. पुण्याच्या आयएलएस विधी महाविद्यालयातल्या मानसिक आरोग्य कायदा आणि धोरण केंद्राने नाशिक जिल्ह्यातल्या गावांत ‘आत्मीयता’ प्रकल्प सुरू केला. गावातले स्वयंसेवक शेजाऱ्यांचे ताण ओळखतात, समुपदेशन करतात आणि रेशनकार्ड किंवा पेन्शनचा अडलेला कागदही हलवून देतात. कर्जाने खचलेल्या माणसाला नुसते ‘मन मोकळे करा’ म्हणण्यात अर्थ नसतो, हे त्यांना कळले आहे. पुण्याच्या वस्त्यांत बापू ट्रस्टचा ‘सेहर’ कार्यक्रम, ठाण्यात १९९० पासूनची ‘आयपीएच’ संस्था, मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेची ‘आयकॉल’ ही दूरध्वनीवरची सेवा. यांपैकी कुणाच्याही पाटीवर बाळंतीण नाही, पण तिला कुणी परत पाठवणार नाही.

सरकारी उपचारांचा रस्ता असा. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली सिव्हिल हॉस्पिटलात मानसोपचार विभाग असतो. ओपीडी असते, औषधे मोफत मिळतात, आणि पथक ठरलेल्या दिवशी ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयांत जाते. ते कुठल्या दिवशी येते, हे आशाकडून किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातून आधी विचारून घ्यावे. नाहीतर बाळ घेऊन केलेली एसटीची फेरी वाया जाते. शहरात वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत: मुंबईत केईएम, नायर, शीव, जेजे, पुण्यात ससून, नागपुरात मेडिकल. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत, गोव्यात बांबोळीची मानसोपचार संस्था. मनोरुग्णालयाचे नाव काढले की घर हादरते, पण पाचांतल्या त्या एकीला बहुधा तिथवर जावेच लागत नाही. ओपीडी पुरते.

भरती करावी लागली तर बाळाचे काय? २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे २१ वे कलम या बाबतीत स्पष्ट आहे. भरती असलेल्या आईपासून तीन वर्षांखालचे मूल एरवी तोडायचे नाही. आईच्या आजारामुळे मुलाला धोका आहे असे मानसोपचारतज्ज्ञाचे मत पडले तरच तात्पुरते वेगळे ठेवायचे, तेही आईला देखरेखीखाली मूल भेटत राहील अशा बेताने. त्या निर्णयाचा दर पंधरा दिवसांनी फेरविचार करायचा आणि तीस दिवसांपुढे गेला तर मानसिक आरोग्य प्राधिकरणाची मंजुरी घ्यायची. कायदा उत्तम आहे. प्रत्यक्षात आई आणि बाळ दोघांना एकत्र ठेवता येईल असा वॉर्ड लागतो. बंगळूरुच्या ‘निम्हान्स’ या मानसिक आरोग्य संस्थेत २००९ मध्ये प्रभा चंद्रा यांच्या पुढाकाराने असा विभाग सुरू झाला, दक्षिण आशियातला पहिला. पाच खाटांचा. महाराष्ट्राएवढ्या राज्यात असा एखादा वॉर्ड प्रत्येक महसुली विभागाच्या ठिकाणी असावा, ही मागणी अवाजवी नाही. खर्चाचा मुद्दा पुढे केला जातो, तो मला पटत नाही. पाच खाटा आणि दोन परिचारिका यांसाठी राज्य अडत नसते.

घरबसल्या मदत हवी असेल तर १४४१६ हा ‘टेलिमानस’ या सरकारी हेल्पलाइनचा क्रमांक. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू, चोवीस तास, मोफत, मराठीत. आधी समुपदेशक बोलतो, गरज असेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जोडून देतो. पाठ करून ठेवावा असाच क्रमांक आहे. पण फोन नवऱ्याच्या खिशात असेल आणि बाई बोलत असताना घर कान देत असेल, तर हेल्पलाइन कितीही चांगली असो, ती लागत नाही. म्हणून हा क्रमांक बाळंतिणीपेक्षा तिच्या बहिणीला, भावजयीला, नवऱ्याला माहीत असणे अधिक उपयोगाचे. त्यांनीही फोन करून ‘आमच्याकडे असे असे चालले आहे, काय करू’ असे विचारता येते.

आता ज्या पाट्यांचा आईच्या मनाशी संबंध आहे असे कुणाच्या लक्षातच येत नाही त्या. नवरा पितो, हे बाळंतिणीच्या नैराश्याचे आपल्याकडचे फार मोठे कारण. पुण्यात अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात बायकांसाठी ‘सहचरी’ गट आहे. नवरा भरती होवो न होवो, कुटुंबीयांसाठी ‘अल-अनॉन’च्या बैठका बऱ्याच शहरांत होतात. मारहाण असेल तर मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० मध्ये महापालिका आणि ‘सेहत’ संस्थेने सुरू केलेले ‘दिलासा’ केंद्र हे रुग्णालयातच बसणारे देशातले पहिले असे केंद्र. पुढे ते इतर पालिका रुग्णालयांत गेले. बाई तिथे ‘दवाखान्यात जाऊन येते’ म्हणून जाऊ शकते, हेच त्याचे बळ. धारावीसारख्या वस्त्यांत ‘स्नेहा’ संस्था माता-बाल आरोग्य आणि हिंसाचार दोन्ही बाजूंनी काम करते. शीव रुग्णालयाच्या नवजात विभागाच्या डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी ती १९९९ मध्ये उभी केली. आशियातली पहिली मातृदूध पेढीही त्यांनीच १९८९ मध्ये शीवला सुरू केली होती. बाळ वाचवता वाचवता बाळाची आई कुठल्या घरात परत जाते, हा प्रश्न त्यांना पडला असावा. जिल्ह्याजिल्ह्यांत सखी वन स्टॉप सेंटर आहे, १८१ ही महिलांची हेल्पलाइन आहे, पोलिसांचा भरोसा सेल आहे. त्यांची गुणवत्ता जिल्ह्यागणिक बदलते, हे खरे. काही ठिकाणी अजूनही ‘समेट करून घ्या’ हेच समुपदेशन चालते.

कुटुंब हा आधार की ओझे, याचा एकच निवाडा देता येत नाही. पहिलटकरणीला माहेरी नेण्याची आपली रीत मनासाठी फार शहाणपणाची आहे. आईच्या हातचे खाणे, कुणी तरी बाळाला घेऊन तिला दुपारी झोपू देणे, यापेक्षा मोठे औषध सुरुवातीच्या आठवड्यांत नाही. पण माहेर गरीब असेल, आई स्वतः मजुरीवर जात असेल, किंवा दुसरे बाळंतपण सासरी असेल, तर ही रीत नुसती नावाला उरते. आणि त्या काळात नवरा बहुधा चित्रात नसतो. बारशाला येतो, फोटो काढतो, जातो. त्याला लंगोट बदलायचे शिकवावे ही गोष्ट वेगळी. मला वाटते त्याला आधी एवढेच शिकवावे की बायको रात्री किती तास सलग झोपली, हे रोज विचारायचे. चार तास सलग झोप मिळत नसेल तर एका वेळचे पाजणे वाटीत काढलेल्या दुधावर त्याने किंवा सासूने सांभाळायचे.

ज्यांचे गावच हलते त्यांच्यासाठी यातले बरेच काही लागू नाही. बीड आणि शेजारच्या जिल्ह्यांतली ऊसतोड कुटुंबे दिवाळीच्या आसपास साखर कारखान्यांकडे निघतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत कोप्यांत राहतात. गरोदर बाई मोळ्या वाहते, बाळ फडाच्या कडेला झोळीत असते. गावच्या आशाच्या यादीत ती आहे, पण गावात नाही. कारखान्याच्या गावात आहे, पण तिथल्या आशाच्या यादीत नाही. आदिवासी भागात सरकारने ‘माहेरघर’ केले आहे. बाळंतपणाच्या आधी काही दिवस बाईने प्राथमिक आरोग्य केंद्राजवळ येऊन राहायचे, सोबत एखादे नातलग आणि लहान मूल आणायचे. कल्पना सुंदर. तिचा धागा बाळंतपणाच्या पुढे वाढवून स्थलांतरितांपर्यंत का नेता येऊ नये?

बाळ गेले, किंवा पोटातच गेले, त्या आईची अवस्था तर आणखी अवघड. तिच्याकडे आशा का येईल? लसीच्या रांगेत ती नाही. तिला ओवाळायला कुणी नाही आणि तिच्या दुःखाला सुतकही धड नाही. ‘पुढच्या वेळी होईल’ एवढे म्हणून घर मोकळे होते. वर सांगितलेल्या सगळ्या दारांपैकी तिच्यासाठी १४४१६ आणि सिव्हिलची ओपीडी एवढीच उरतात, आणि तिथे तिच्यासोबत कुणाला तरी जावे लागते.

परदेशातल्या मराठी मुलींची अडचण उलटी. यंत्रणा आहे, माणूस नाही. आई सहा महिन्यांच्या व्हिसावर येते आणि जाते. ब्रिटनमध्ये घरी येणारी हेल्थ व्हिजिटर मनाबद्दल विचारतेच. तिला खरे उत्तर द्यावे. अमेरिकेत २०२२ पासून मातांसाठी राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, १-८३३-८५२-६२६२, आणि तिथे दुभाषाही मागता येतो. १९८७ पासूनच्या ‘पोस्टपार्टम सपोर्ट इंटरनॅशनल’ या संस्थेचे दक्षिण आशियाई मातांसाठीचे ऑनलाइन गट आहेत. मंडळाच्या गणपतीत हे कुणी जाहीर करत नाही, पण करायला हरकत नाही.

डॉक्टरकडे जाणाऱ्यांसाठी शेवटी थोडे व्यवहाराचे. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर मानसोपचाराचे शिक्षण घेतलेला डॉक्टर. औषध तोच देतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ बोलण्यातून उपचार करतो आणि त्याच्याकडे पुनर्वास परिषदेची नोंदणी असते. समुपदेशक म्हणवून घ्यायला मात्र आठवडाभराचा कोर्सही लोकांना पुरतो, तेव्हा शिक्षण विचारायला संकोच करू नये. ‘अंगावर पाजतेस तर गोळ्या नकोत’ हा सल्ला शेजारीण देते आणि कधी कधी केमिस्टही देतो. तो चूक आहे. पाजत असताना चालतील अशी नैराश्याची औषधे आहेत, सर्ट्रालिन हे त्यांतले एक सर्वाधिक वापरले जाणारे. मात्र फिट्ससाठी किंवा मनःस्थितीच्या आजारासाठी व्हॅलप्रोएट घेणाऱ्या बाईने दिवस राहण्याआधीच डॉक्टरशी बोलावे, कारण ते गर्भाला घातक आहे. आणि कुठलीही गोळी स्वतःहून एकदम बंद करू नये. ओपीडीला जाताना दवाखान्याचे डिस्चार्ज कार्ड, आधी चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटे आणि बाळाचे कार्ड न्यावे. बाळ सोबत असावे, पण त्याला घेऊन बाहेर बसणारे माणूसही असावे, म्हणजे आईला आत जाऊन घरच्यांशिवाय पाच मिनिटे बोलता येईल. औषधाचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात ‘काहीच फरक नाही’ म्हणून गोळ्या कचऱ्यात जातात, तिथेच बहुतेक उपचार मोडतात. म्हणून पुढची तारीख केसपेपरवर लिहून घ्यावी आणि त्या तारखेला सोबत कोण जाणार, हे ओपीडीतून निघतानाच ठरवावे.